आधी परदेश, मग पंचक्रोशी : खानदेशातील निर्यातारंभी उद्योगांच्या अभ्यासाची प्रस्तावना

एखादा उद्योग देशाबाहेर कसा जातो, याविषयी व्यवस्थापनशास्त्रात दीर्घकाळ एक ठरावीक क्रम गृहीत धरला जात होता. उद्योजकाने प्रथम आपल्या गावात आणि जिल्ह्यात जम बसवावा, मग राज्यात आणि देशात विक्री वाढवावी, तेथील मागणी अपुरी पडू लागली की भाषेने व चालीरीतींनी जवळच्या अशा शेजारदेशात माल पाठवावा आणि पुरेसा अनुभव गाठीशी आल्यावरच दूरच्या बाजारात उतरावे, असा हा क्रम होता. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या परंपरेतील यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. पुढे १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील निर्यातदार कारखान्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील अनेक लहान कारखान्यांनी हा जिना चढलाच नसल्याचे, स्थापनेनंतर थोड्याच काळात त्यांच्या विक्रीचा मोठा भाग परदेशात होऊ लागल्याचे दिसून आले आणि अशा उद्योगांसाठी ‘बॉर्न ग्लोबल’ हे नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी बेंजामिन ओव्हिएट आणि पॅट्रिशिया मॅक्डुगल या अमेरिकी अभ्यासकांनी, आरंभापासूनच अनेक देशांतील साधने वापरून आणि अनेक देशांत विक्री करून स्पर्धेत उभे राहू पाहणारा उद्योग, अशी त्याची व्याख्या केली. प्रस्तुत विवेचनात अशा उद्योगाला ‘निर्यातारंभी उद्योग’ असे म्हटले आहे. बहुतेक संशोधक स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत एकूण विक्रीचा किमान चतुर्थांश भाग परदेशातून येणे ही त्याची व्यावहारिक कसोटी मानतात, परंतु ही कसोटी सोयीपुरती आहे आणि तिच्यावर फार भार टाकू नये.

या विषयावरचे आरंभीचे लेखन प्रामुख्याने श्रीमंत देशांतील, आणि त्यातही देशांतर्गत बाजार लहान असलेल्या देशांतील उद्योगांवर आधारलेले आहे. डेन्मार्क किंवा फिनलंडमधील उपकरणे बनवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या देशात पुरेसे गिऱ्हाईक नसते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून जगाकडे पाहते, हे सहज समजण्याजोगे आहे. विकसनशील देशातील परिस्थिती निराळी असते. तेथे माणसे पुष्कळ असतात, पण विशिष्ट दर्जाच्या मालाला किंमत मोजणारे गिऱ्हाईक नसते; आणि भारतात १९९१ पूर्वी त्यात परवाने, आयातबंदी आणि परकीय चलनावरील नियंत्रण यांची भर होती. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे पहिले गिऱ्हाईक अमेरिकेतील होते, याचे कारण संस्थापकांची महत्त्वाकांक्षा एवढेच नव्हते. संगणक आज्ञावलीवर पैसा खर्च करणारे भारतीय उद्योगच तेव्हा मोजके होते. म्हणजे विकसनशील देशात परदेशी बाजार हा पुष्कळदा वाढीचा पुढचा टप्पा नसून जन्माची अट असतो.

अशा उद्योगांमुळे देशाच्या विकासात कोणती भर पडते, या प्रश्नाला सरकारी अहवालांत नेहमी दोन उत्तरे आढळतात : परकीय चलन आणि रोजगार. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. परकीय चलन राष्ट्राच्या खात्यात जमा होते, तालुक्याच्या नव्हे. आणि निर्यातदार कारखान्यातील प्रत्यक्ष नोकऱ्यांची संख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येपुढे किरकोळच असते. अधिक महत्त्वाचे योगदान वेगळ्या वाटेने येते. परदेशी खरेदीदार मालाबरोबर काही अटी पाठवतो, कारखानदाराला त्या पुऱ्या करण्यासाठी कच्च्या मालाच्या पुरवठादाराला, म्हणजे खानदेशासारख्या प्रदेशात शेतकऱ्याला, नव्या रीतीने काम करण्यास शिकवावे लागते, आणि ही शिकवण एकदा शेतात उतरली की ती त्या कारखान्याच्या मालकीची राहत नाही, शेजारच्या बांधावर जाते. परदेशी बाजाराची शिस्त किती मागेपर्यंत पोहोचली आणि पोहोचल्यावर तेथे रुजली का, या मोजमापानेच निर्यातारंभी उद्योगाचे विकासातील स्थान ठरवावे, अशी येथील भूमिका आहे. जळगाव आणि धुळे हे जिल्हे या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत, कारण जगाच्या बाजाराशी त्यांचा संबंध आज-कालचा नाही.

आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून पूर्वीचा खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे विभाजन झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशाची काळी जमीन कापसाची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून लिव्हरपूलकडे जाणाऱ्या कापसाच्या किमती भडकल्या, त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि खानदेशचा कापूस थेट जागतिक बाजारात शिरला. पण त्या बाजाराने खानदेशातील शेतीची रीत सुधारली असे दिसत नाही. गठ्ठ्यांत सरकी, माती आणि हलका कापूस मिसळण्याचे प्रमाण इतके होते की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील भेसळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि चांगल्या वाणाचे बी शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्यासाठी महसुली अधिकाऱ्यांना आपला अधिकार वापरावा लागला. याचे कारण खानदेशचा कुणबी अडाणी होता हे नव्हे. स्वच्छ कापसाचा वाढीव भाव सावकार, दलाल आणि जहाजवाले यांच्या हातांतून गाळला जाऊन त्याच्यापर्यंत येतच नव्हता. दर्जाची मागणी शिपायामार्फत येत होती, भावामार्फत नव्हे. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, मुंबईतील शेअरचा फुगा फुटला, आणि तेजीच्या भरात काढलेले कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले. जागतिक बाजारात लवकर उतरणे आणि त्यातून विकास साधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

अमळनेरचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन केलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी अमळनेरला आली ती भुईमुगासाठी. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करणे हा तिचा धंदा होता आणि तो सर्वस्वी देशी बाजारासाठी होता. हीच कंपनी पुढे विप्रो झाली, संगणकाच्या क्षेत्रात गेली, तिचे केंद्र बंगळुरूला सरकले आणि ऑक्टोबर २००० मध्ये तिच्या समभागांची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात झाली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी जुने समभाग जपून ठेवले, त्यांना त्यातून मोठी संपत्ती मिळाली आणि तिच्या कहाण्या तालुक्यात अजूनही सांगितल्या जातात. परंतु संगणकाचे ज्ञान, ते शिकवणाऱ्या संस्था, त्या ज्ञानाभोवती उभे राहणारे लहान पुरवठादार यांपैकी काहीही अमळनेरला आले नाही. लाभांश पोस्टाने येऊ शकतो, कसब येत नाही.

या दोन्हींच्या मानाने जळगावातील जैन उद्योगसमूहाचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळ जाणारा आहे, आणि म्हणून त्याच्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. जामनेर तालुक्यातील वाकोद गावचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला, पुढे खते, बियाणे, कीटकनाशके, ट्रॅक्टर अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंच्या एजन्सी घेतल्या आणि पंधरा वर्षांत खानदेशातील शेतकऱ्याशी उधारीचा, विश्वासाचा आणि बोलीभाषेचा संबंध जोडला. १९७८ मध्ये त्यांनी जळगावातील केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना सुमारे तीस लाख रुपयांना घेतला. केळीच्या भुकटीला गिऱ्हाईक नव्हते, म्हणूनच तो बंद पडला होता. नव्या मालकाने यंत्रसामग्रीत फेरबदल करून तेथे पपेन तयार करण्यास सुरुवात केली, आणि हा माल पहिल्यापासून परदेशी बाजारासाठी होता.

पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकात असणारे, प्रथिनांचे विघटन करणारे विकर. पाश्चात्त्य देशांत मांस मऊ करण्यासाठी, थंड केल्यावर बिअर गढूळ होऊ नये म्हणून, पचनाच्या औषधांत आणि कातडे कमावताना त्याचा वापर होतो. भारतात त्या काळी त्याची मागणी नगण्य होती. त्याचे उत्पादन दिसते तितके सोपे नाही. झाडावरच्या पूर्ण वाढलेल्या पण न पिकलेल्या फळाला पहाटेच्या सुमारास उभ्या, उथळ चिरा द्यायच्या, खाली टपकणारा चीक लोखंडाचा स्पर्श होऊ न देता गोळा करायचा, कारण लोखंडामुळे तो काळवंडतो आणि विकराची शक्ती कमी होते, आणि ऊन तापण्यापूर्वी तो कारखान्यात पोहोचवून बेताच्या उष्णतेवर वाळवायचा. चिरा खोल गेल्या तर गराचा रस मिसळतो, उशीर झाला तर चीक आंबतो. खरेदीदार मालाची किंमत वजनावर ठरवत नाही, विकराच्या क्रियाशीलतेवर ठरवतो, म्हणजे एक ग्रॅम पपेन ठरावीक वेळेत किती प्रथिनांचे विघटन करते हे प्रयोगशाळेत मोजून त्यानुसार पैसे देतो. झैरे आणि युगांडा यांसारख्या देशांतून येणाऱ्या कच्च्या, भेसळयुक्त पपेनच्या तुलनेत शुद्ध आणि एकसारख्या दर्जाचे पपेन पुरवता येणे, हीच जळगावची संधी होती.

कापसाच्या गठ्ठ्यात आणि पपेनच्या डब्यात हा फरक होता. येथे दर्जाची अट शिपायाने नव्हे, पैशाने लादली होती. ती थेट कारखान्यावर लादली होती. आणि कारखाना त्याच पंचक्रोशीत होता, त्यामुळे चीक कसा काढावा हे शेतकऱ्याला आणि मजुराला दाखवण्याशिवाय, चांगल्या चिकाला चांगला भाव देण्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हते. शेतीमालाची किंमत प्रयोगशाळेत ठरते, ही कल्पना खानदेशच्या बाजार समित्यांत, जेथे हातात माल घेऊन आणि डोळ्यांनी पाहून भाव फुटतो, तेथे अपरिचित होती. काटेकोर व्याख्येने पाहता या समूहाला निर्यातारंभी म्हणावे की नाही, असा आक्षेप अभ्यासक घेतील, कारण त्यामागे पंधरा वर्षांचा देशी व्यापार होता. आक्षेप रास्त आहे. पण उत्पादक म्हणून पाहिले तर आरंभ १९७८ चा, आणि त्या आरंभी देशी गिऱ्हाईक नव्हते. किंबहुना आधीचा व्यापार हाच येथे कळीचा मुद्दा ठरतो : परदेशी बाजाराची अट ज्याला कळते आणि बांधावरच्या माणसाची भाषा ज्याला येते, असा मध्यस्थ विकसनशील देशात दुर्मीळ असतो. मुंबईहून येणाऱ्या निर्यातदाराकडे पहिली गोष्ट असते, गावच्या व्यापाऱ्याकडे दुसरी.

त्या काळच्या आर्थिक धोरणाचाही येथे विचार करावा लागतो. परकीय चलन नियमन कायदा १९७३ चा. कोणतेही यंत्र, कोणतेही रसायन आयात करायचे तर परवाना हवा. मात्र निर्यात करणाऱ्याला निर्यातीच्या प्रमाणात आयातीचे पुनर्भरण परवाने मिळत. त्यामुळे जळगावसारख्या, सत्ताकेंद्रापासून दूर असलेल्या गावातील उद्योजकाला दिल्लीच्या कचेऱ्यांत खेटे घालण्यापेक्षा परदेशी गिऱ्हाईक शोधणे हा तंत्रज्ञानापर्यंत पोहोचण्याचा अधिक सरळ मार्ग होता. निर्यातीची ही बाजू, म्हणजे परदेशातून काय विकत आणता येते आणि काय पाहून येता येते, ती किती कमावून देते याच्याइतकीच महत्त्वाची आहे.

पाहून येण्याचा परिणाम सर्वांत मोठा झाला. १९८० पासून समूहाने पीव्हीसी पाइप बनवण्यास सुरुवात केली होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात भवरलाल जैन यांनी कॅलिफोर्नियात ठिबक सिंचन पाहिले आणि १९८६ मध्ये जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. ठिबकचे तंत्र मूळचे इस्रायलचे : सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ मध्ये हात्झेरिम या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, नेटाफिम ही कंपनी निघाली आणि तीही लवकरच देशाबाहेर विक्री करू लागली. जळगावात मात्र हे तंत्र जसेच्या तसे चालण्यासारखे नव्हते. इस्रायलच्या शेतीत वसाहतीची मोठी क्षेत्रे होती, येथे दोन-चार एकरांचे तुकडे होते. विजेचा भरवसा नव्हता. विहिरीच्या पाण्यात क्षार होते. पाइप, नळ्या, गाळणी, खते पाण्यातून सोडण्याची पद्धत हे सारे लहान शेताच्या मापाने बसवावे लागले, आणि महाराष्ट्र शासनाच्या अनुदानाने त्याला गती दिली. परदेशी बाजाराने एका कारखान्याला जगाकडे पाहण्याची सवय लावली आणि त्या सवयीतून आलेले तंत्र मुख्यतः देशी शेतकऱ्याला विकले गेले. निर्यातारंभी उद्योगाचा देशाच्या विकासातील सर्वांत मोठा वाटा निर्यातीच्या आकड्यांत मुळीच दिसत नाही, तो असा.

त्या तंत्राचा उपयोग केळीत झाला. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत बसराई, श्रीमंती यांसारख्या जुन्या जातींचे कंद लावण्याची पद्धत होती आणि बागेचे पीक हाती येण्यास सुमारे दीड वर्ष लागे. ऊतिसंवर्धित रोपे, म्हणजे रोगमुक्त मातृवृक्षाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली एकसारखी रोपे, आणि तीही ग्रँड नैन या जातीची, ठिबकवर लावल्यापासून घड एका वर्षाच्या आसपास आणि जवळजवळ एकाच वेळी काढणीला येऊ लागले. एकाच वेळी घड मिळणे ही गोष्ट शेतकऱ्याला सोयीची आहेच, पण निर्यातदाराला ती अनिवार्य आहे, कारण वातानुकूलित कंटेनर एका मापाच्या फळानेच भरावा लागतो. येथे एक इशाराही नोंदवला पाहिजे : ठिबकने झाडामागचे पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली तर विहिरीची पातळी वर येत नाही. यावल आणि रावेर तालुक्यांतील भूजलाचा अतिउपसा हे त्याचे उघड उदाहरण आहे.

कांद्याचे प्रकरण निर्यातीच्या शिस्तीच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. निर्जलीकरणासाठी, म्हणजे पाणी काढून टाकून काप किंवा भुकटी करण्यासाठी, पांढरा आणि भरपूर विद्राव्य घनपदार्थ असलेला कांदा लागतो. सामान्य बाजारी कांद्यात पाणीच इतके असते की एक किलो सुका माल मिळण्यास आठ-दहा किलो ओला कांदा सुकवावा लागतो आणि धंदा परवडत नाही. म्हणून जैन इरिगेशन कंपनीने योग्य वाण निवडले, शेतकऱ्यांशी करार केले, बी दिले, किमान भाव आधीच ठरवला आणि शेतावर जाऊन सल्ला देणारे कर्मचारी नेमले. युरोपातील खरेदीदार कीटकनाशकांच्या अंशांची कमाल मर्यादा पाळण्याचा आग्रह धरतात. कोणत्या शेतातून, कोणत्या फवारणीनंतर माल आला हे मागे जाऊन सांगता आले पाहिजे, अशी त्यांची अट असते. ‘ग्लोबल गॅप’ हे त्यासाठीचे युरोपीय प्रमाणन लहान शेतकऱ्याला खर्चिक आणि किचकट होते, म्हणून इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन या जागतिक बँकेच्या संस्थेच्या साहाय्याने ‘जैन गॅप’ ही त्याची सोपी आवृत्ती तयार झाली. फवारणीची तारीख वहीत लिहून ठेवणारा शेतकरी ही या व्यवस्थेची निर्मिती होय. तो उद्या दुसऱ्या कोणाला माल विकेल, आणि वही बरोबर नेईल.

याचा अर्थ हा प्रवास निर्वेध झाला असा नाही. नव्वदच्या दशकात समूहाने शेतीशी संबंध नसलेल्या व्यवसायांत हात घातला आणि तो पोळला. पुढे २००६ पासून कंपनीने परदेशातील उद्योगच विकत घेण्याचा सपाटा लावला : अमेरिकेतील ठिबक नळ्या बनवणारी चॅपिन वॉटरमॅटिक्स, ओरेगन राज्यातील कांदा निर्जलीकरण करणारी कॅस्केड स्पेशालिटीज, २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीचा निम्मा आणि २०१२ मध्ये उरलेला हिस्सा. ज्या देशात ठिबक जन्मले त्या देशातील कंपनी जळगावने घ्यावी, याचा खानदेशाला अभिमान वाटला आणि तो वाटणे स्वाभाविक होते. पण निर्यात करणे आणि परदेशी कंपन्या विकत घेणे यांतील जोखीम एका जातीची नसते. पपेनच्या धंद्यात माल परत आला तर एका खेपेचे नुकसान होते. कर्ज काढून केलेल्या खरेदीत व्याज दर महिन्याला येते, पाऊस पडो वा न पडो. देशात ठिबकच्या अनुदानाची रक्कम राज्य सरकारांकडून वेळेवर न येणे हे तर नित्याचेच होते. २०१९ मध्ये कंपनीची कर्जफेड थांबली, २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन होऊन त्यात जैन समूहाकडे सुमारे २२ टक्के वाटा राहिला. या घटनाक्रमावरून निर्यातीलाच दोष देणारे चुकतात. निर्यातीने शिकवलेली शिस्त शेतात टिकली. डळमळीत झाली ती ताळेबंदाची बाजू.

एका कंपनीभोवती फिरणारा विकास किती नाजूक असतो, हे मात्र त्या वर्षांनी दाखवून दिले. एकच खरेदीदार, एकच प्रयोगशाळा आणि एकच सल्लागार असेल तर त्याच्या अडचणीत सारा परिसर अडचणीत येतो. या बाबतीत शेजारच्या नाशिक जिल्ह्याचा अनुभव पडताळून पाहण्याजोगा आहे. द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये स्थापन केलेल्या महाग्रेप्सने आरंभीच युरोपात माल पाठवला आणि नाकारलेल्या कंटेनरांची किंमत मोजून पूर्वशीतकरणाचे, म्हणजे काढणीनंतर फळातील उष्णता लगेच काढून घेण्याचे, महत्त्व ओळखले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने निर्यात ठप्प झाली, तो फटकाही द्राक्षवाल्यांनी पचवला. आणि मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने त्याच काळात निर्यातीपासूनच आरंभ करून प्रक्रियेपर्यंत मजल मारली. नाशिकमध्ये ज्ञान अनेक हातांत वाटले गेले होते, म्हणून एक संस्था दबली तरी दुसरी उभी राहिली.

जळगावच्या केळीला हे अजून साधलेले नाही. भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळाले, रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी जून २०२१ मध्ये दुबईला गेली आणि त्याचा गाजावाजाही झाला. तरी निर्यातीच्या केळीसाठी खरेदीदारांची पावले आता सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि माढा या तालुक्यांकडे अधिक वळतात. जळगावची थंडी आणि भुसावळचा वैशाखवणवा फळाला मानवत नाही, न्हावा शेवा बंदर दूर पडते, ही कारणे आहेतच. पण त्याहून मोठे कारण जुन्या बाजाराच्या सोयीत आहे. दिल्ली आणि उत्तर भारत खानदेशची केळी वर्षानुवर्षे विनाअट घेत आले. घडावर पिशवी चढवा, फण्या धुवा, डाग असलेले फळ बाजूला काढा, असे त्या बाजाराने कधी सांगितले नाही. मोठा आणि कमी चोखंदळ देशी बाजार हाताशी असणे हे वरदान मानले जाते. दर्जाच्या बाबतीत ते पुष्कळदा अडथळा ठरते.

सरकारी धोरणातील धरसोड ही दुसरी अडचण. कच्च्या कांद्याच्या निर्यातीवर सप्टेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये बंदी आली. शहरातील भाव आटोक्यात ठेवण्याचा हेतू समजण्यासारखा असला, तरी परदेशी खरेदीदार बंदीची अधिसूचना वाचत नाही, तो दुसरा पुरवठादार शोधतो; आणि नव्याने निर्यातीत उतरलेला लहान उद्योग, ज्याच्याकडे एकच गिऱ्हाईक आणि एकच हंगाम असतो, तो अशा एका फटक्यात संपतो.

धुळे जिल्ह्याविषयी येथे कमी लिहिले गेले, याचे कारण तेथे लिहिण्यासारखी उदाहरणे कमी आहेत, आणि ही उणीव स्वतःच अभ्यासाचा विषय आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. नरडाण्याला औद्योगिक क्षेत्र आहे. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. कापूस, मिरची, मका, पपई यांपैकी काहीही कमी नाही. तरीही दोंडाईचा आणि शिरपूर येथील काही कारखाने वगळता बहुतेक माल कच्चा बाहेर जातो : कापूस गाठींच्या रूपात गुजरात आणि दक्षिणेकडे, पपई ट्रकने उत्तरेकडे. ज्या पपईच्या चिकातून जळगावात निर्यातीचा आरंभ झाला, तिचे क्षेत्र आज शिरपूर आणि शहादा भागात दाट आहे, पण तेथे ती केवळ फळ म्हणून विकली जाते. रस्ते आणि रेल्वे माल बाहेर नेण्यास उपयोगी पडतात, तो येथे थांबवून त्याचे मोल वाढवण्यास नव्हे. १८६० च्या दशकात रेल्वेने जे केले तेच पुन्हा होऊ नये, एवढी दक्षता नव्या मार्गाच्या वेळी घ्यावी लागेल. प्रत्येक तालुक्यात शीतगृह बांधण्यापेक्षा जिल्ह्यात अंश-तपासणीची एक विश्वासार्ह, सर्वांना खुली प्रयोगशाळा असणे नव्या निर्यातदाराच्या अधिक उपयोगाचे आहे.

या विषयाच्या अभ्यासात सर्वांत मोठी उणीव कागदांची आहे. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल मिळतात. परंतु जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिकच्या चटया बनवणारे कारखाने किंवा डाळ गिरण्या परदेशी गिऱ्हाइकापर्यंत कशा पोहोचल्या, पहिली खेप कोणी नाकारली आणि का, साखपत्र, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, पहिल्यांदा कोणी मिळवून दिले, हे सांगणारा पत्रव्यवहार घराघरांतल्या कपाटांत पडून आहे आणि पिढी बदलली की तो रद्दीत जातो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे वाचवली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे आहे; जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात वाणिज्य व व्यवस्थापनाचे विद्यार्थी दर वर्षी प्रबंधांसाठी विषय शोधत असतात. खानदेशातील उद्योजक कुटुंबांनी आपल्या निर्यातीच्या जुन्या फायली, तपासणीचे अहवाल, परदेशी गिऱ्हाइकांची पत्रे आणि विशेषतः नाकारलेल्या मालाची कागदपत्रे फाडून टाकण्यापूर्वी या दोहोंपैकी एका संस्थेच्या हवाली करावीत, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.